वर्गात साठ मुलं: शिक्षकांची रड की खरी अडचण?

गणिताच्या_बाई
सोमवार, रात्री ९.४०

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शिक्षकांच्या एका निवेदनाचा फोटो फिरत होता. मागणी जुनीच: वर्गातला पट कमी करा. खाली पहिलाच प्रतिसाद, "दिवाळीची सुट्टी, मेची सुट्टी, सातवा वेतन आयोग, आणि वर रड आहेच." त्यावर धडाधड अंगठे. मी तिथं काही लिहिलं नाही, कारण निम्मा ग्रुप माझ्याच विद्यार्थ्यांच्या पालकांचा आहे. म्हणून इथं धागा काढतेय.

मी ठाण्यात एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. शाळा कोणती ते विचारू नका. माझ्याकडे चार तुकड्या आहेत: ५२, ५७, ५९ आणि ६४. तास ३५ मिनिटांचा. आधीच्या तासाचा फळा पुसून, मागच्या बाकावरचं भांडण मिटवून हातात तीस मिनिटं राहतात. ६४ जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही.

वह्यांचं बघा. चारही तुकड्या मिळून २३२ वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तर एकच गृहपाठ तपासायला पावणेआठ तास लागतात, आणि आठवड्याला गृहपाठ एक नसतो. मग बहुतेक शाळांत पानाखाली तारीख आणि सही पडते, आणि कंस सोडवताना वजा चिन्ह आत न नेण्याची चूक नववीतून दहावीत जशीच्या तशी जाते.

मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडलं हे उत्तरावरून कळत नाही, त्यासाठी वहीत डोकवावं लागतं, म्हणजे बाकांमधून फिरावं लागतं. आमच्याकडे दोघांच्या बाकावर तिघं बसतात आणि शेवटची रांग भिंतीला टेकलेली असते. जुलैत झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या की वर्गाचं काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

पगार, सुट्ट्या यांवर वाद घालायचाच असेल तर वेगळा धागा काढा. मला एवढंच हवंय: तुमच्या मुलाच्या वर्गात किती मुलं आहेत? विभाग, माध्यम, मंडळ आणि आकडा द्या. शाळेचं नाव नको.


रेघोट्या
सोमवार, रात्री ९.५८

कोपरखैरणे, खासगी, इंग्रजी माध्यम, सीबीएसई, सहावी. लेकीला विचारलं. "अठ्ठेचाळीस आणि एक कबूतर." कबूतर पंख्यावर असतं, नियमित हजर.


नौपाड्याचा_अण्णा
सोमवार, रात्री १०.२०

१९६७ साली मी सातवीत होतो, वर्गात ७२. एक मास्तर, एक फळा, एक पट्टी. त्यातून दोन डॉक्टर झाले, एक जण बँकेत मोठ्या हुद्द्यावर गेला, मी स्वतः वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं टूलरूम सांभाळली. तेव्हा कुणी निवेदनं दिली नाहीत. शिकवण्याची तळमळ असली की ७२ काय आणि १०० काय. हल्लीच्या शिक्षकांवर मोबाइलचा जास्त परिणाम झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे.


घोडबंदर_रोडवाला
सोमवार, रात्री १०.४१

कासारवडवली परिसर, खासगी, सीबीएसई, तिसरी, ४४. मंडळाच्या नियमात एका तुकडीला ४० सांगितलेत. मध्यंतरी अपवाद म्हणून ४५ पर्यंत सूट मिळाली, तेव्हापासून आमच्या शाळेत अपवाद हाच नियम आहे.

पण एक अप्रिय प्रश्न विचारतो. तुकडी ४५ वरून ३० वर आणायची तर तेच शिक्षक, तीच खोली, तीच वीज तीस जणांत वाटली जाणार. म्हणजे खर्चाचा तेवढा भाग दीडपट. आम्ही पालक ते द्यायला तयार आहोत का? मी नाही. गृहकर्जाचा हप्ता, स्कूल बसचे पैसे आणि मेट्रोच्या कामामुळे घोडबंदरला बसमध्ये जाणारा लेकीचा वेळ हे सगळं धरून सांगतोय. शिक्षकांची तक्रार खरी असेल, पण तिची किंमत कोण मोजणार हे कुणी बोलत नाही.


गणिताच्या_बाई
सोमवार, रात्री ११.०५

@नौपाड्याचा_अण्णा, त्या ७२ पैकी जुन्या अकरावीच्या परीक्षेला किती जण बसले? तेव्हा एसएससी अकरावीला होती, म्हणजे तुमच्या सातवीनंतर चार वर्षांनी. डॉक्टर दोन झाले ते कळलं. बाकीच्या सत्तरांचं मी विचारतेय.

@घोडबंदर_रोडवाला, प्रश्न अप्रिय नाही, रास्त आहे. निदान तुम्ही आकडा घेऊन बोलताय.


नौपाड्याचा_अण्णा
मंगळवार, सकाळी ६.५०

अकरावीला निम्म्याहून कमी उरलो होतो. पण जी गळली ती घरच्या गरिबीमुळे. कुणी गिरणीत चिकटला, कुणी बापाच्या दुकानात बसला. त्यात वर्गसंख्येचा काय संबंध? तेव्हा शिक्षक घरी येऊन चौकशी करत. ते आज होतं का, ते सांगा.


दिघा_दुपारपाळी
मंगळवार, दुपारी ४.३५

अण्णा, मी जाते घरी चौकशीला. कालही गेले होते. घराला कुलूप होतं.

नवी मुंबईत एका पालिका शाळेत प्राथमिकला आहे. माझ्याकडे तिसरी, हजेरीपटावर ४८. आईवडील नाक्यावर उभे राहणारे, खदानीत, बांधकामावर, काही एमआयडीसीत कंत्राटी. जूनमध्ये वर्ग सुरू होतो तेव्हा ३५ असतात, ऑगस्टपर्यंत ४५ च्या वर. आरटीईमुळे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे, प्रवेश वर्षभर कधीही द्यावा लागतो, वयाचा दाखला नसला तरी परत पाठवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यायचा. हे योग्यच आहे, माझी तक्रार त्याबद्दल अजिबात नाही. पण नऊ वर्षांची मुलगी, शाळेचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बघतेय, घरी कन्नड बोलते, आणि ती थेट माझ्या वर्गात येते. कायदा म्हणतो तिला विशेष प्रशिक्षण द्या. कोणी, कधी, कोणत्या खोलीत? उरलेल्या ४७ ना तेवढा वेळ कुणाकडे सोडू?

शिमग्याला गावी गेलेली मुलं कधी येतील सांगता येत नाही, काही येतच नाहीत. त्यांची नावं पटावर राहतात. उलट नवीन आलेल्यांकडे आधार नसतं किंवा त्यावर नाव, जन्मतारीख जुळत नाही. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, आधार पडताळणी झालेलीच मुलं धरतात. म्हणजे ज्या मुलांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, तीच शिक्षक मंजूर करताना गायब.

आता मुख्य सांगते. शेजारच्या वर्गाच्या ताई बीएलओ आहेत, म्हणजे मतदारयाद्यांचं काम त्यांच्याकडे. याद्यांचं काम निघालं की त्यांचा वर्ग माझ्या वर्गात येतो. त्यांची ४५, माझी ४८. एका खोलीत ९३. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, त्या वर्षी असे दिवस किती गेले ते विचारू नका. आरटीईच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं लिहिलंय, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. ते ९३ कोणत्याच कागदावर नाहीत. कागदावर माझे ४८, त्यांचे ४५.


रेघोट्या
मंगळवार, दुपारी ४.५०

ताई, ९३ मुलं म्हणजे सकाळची दिवा लोकल झाली की. तुम्ही शिकवता काय मग?


दिघा_दुपारपाळी
मंगळवार, संध्याकाळी ५.१०

गाणी, पाढे, चित्रं. आणि गप्प बसवणं. त्या दिवशी वाचन शिकवता येत नाही, कारण वाचन शिकवायचं म्हणजे एकेकाला जवळ घेऊन ऐकावं लागतं.


वजाबाकी
मंगळवार, रात्री ९.१५

लांबलचक प्रतिसादाबद्दल आधीच माफी, पण इथं दोन वेगळे आकडे एकमेकांत मिसळतायत.

सरकारी अहवालात येतं ते विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर, म्हणजे शाळेतली सगळी मुलं भागिले सगळे शिक्षक. बाई आणि ताई सांगतायत ती प्रत्यक्ष वर्गात बसलेली मुलं. समजा शाळेत ६०० मुलं आणि २० शिक्षक आहेत. गुणोत्तर ३०, कायद्यात चोख. पण तुकड्या १२ च असतील तर वर्गात ५० मुलं बसणार. कोणत्याही क्षणी आठ शिक्षक वर्गाबाहेर असतात: कुणाचा ऑफ तास, कुणी चित्रकलेचा, कुणी पोर्टलवर माहिती भरतोय, कुणी रजेवर.

दुसरी गंमत सरासरीची. दोन वर्ग घ्या, एकात २० मुलं, दुसऱ्यात ६०. सरासरी ४०, अहवाल खूश. पण ८० पैकी ६० मुलं तर साठांच्या वर्गात बसलीयत! मुलांच्या बाजूने सरासरी काढली तर ती ५० येते. आपल्या राज्यात वाड्या-वस्त्यांवर दहा-पंधरा पटाच्या पुष्कळ शाळा आहेत. त्या सरासरी खाली ओढतात, आणि दिवा, मुंब्रा, तुर्भे, घणसोली अशा भरत चाललेल्या भागांतली गर्दी त्या सरासरीत विरघळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शाळेत हे गुणोत्तर ३० च्या आत आणि वंचित वस्त्यांत २५ च्या आत ठेवायचं म्हटलंय. पण तेही गुणोत्तरच, वर्गात किती मुलं बसतात ते नव्हे.

आता थोडं बाईंच्या विरोधात. वर्ग लहान केला की मुलं आपोआप जास्त शिकतात का? अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. बालवर्ग ते तिसरीची मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली: काही १३ ते १७ च्या वर्गात, काही २२ ते २५ च्या. लहान वर्गातली पुढे राहिली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना जास्त फायदा झाला. ते बघून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये घाईघाईत वर्ग विसावर आणले. शिक्षकच पुरेना, अप्रशिक्षित भरले, तेही जास्त करून गरीब वस्त्यांत. पश्चिम केनियात पहिलीचे वर्ग ८० च्या वरून ४६ च्या आसपास आणले, पण नेहमीच्या शिक्षकांच्या वर्गांत फार काही बदललं नाही, कारण शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा बालसखी उपक्रम. पालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक मुलगी रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. ती मुलं सुधारली. त्याच वेळी मूळ वर्गातली संख्याही कमी व्हायची, पण तिथं उरलेल्या मुलांना त्याचा म्हणावा असा फायदा दिसला नाही.

तात्पर्य काढत नाही, पण ६४ वरून ५४ वर येऊन काही होईल असं मला वाटत नाही.


गणिताच्या_बाई
मंगळवार, रात्री १०.०२

वजाबाकी, साठांच्या वर्गातल्या मुलांचं उदाहरण मी उद्या स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिणार आहे.

केनियाचं पटतं. आमच्यातही असे आहेत की ३० मुलं दिली तरी ६० ना शिकवल्यासारखंच शिकवतील, फळ्याकडे तोंड करून, गाइडमधली उत्तरं देऊन. ते मी नाकारत नाही. पण ६४ मुलांना ३० असल्यासारखं शिकवणारी व्यक्ती मला दाखवा. मनात कितीही असलं तरी ते होत नाही. आणि बालसखीत नेमकं काय होतं? एका बाईसमोर थोडी मुलं, आणि तिला माहीत की यातलं कोण कुठं अडलंय. मी दुसरं काय मागतेय?


चांदणी_ऐरोली
मंगळवार, रात्री १०.३०

ऐरोली, पालिका शाळा, मराठी, पाचवी, ५१. मला वाटायचं आपलीच शाळा अशी.


कोपरीकर९
मंगळवार, रात्री ११.१५

[हा प्रतिसाद काढला आहे. परप्रांतीयांची मुलं आणि भाषा यावर इथं चिखलफेक चालणार नाही. त्याखालचे दोन उपप्रतिसादही गेले. धाग्याचा विषय पट आहे. – संपादक मंडळ]


माजी_पर्यवेक्षक
बुधवार, सकाळी ७.३०

निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पालकांना वाटतं मुलं वाढली की शिक्षक वाढतात. तसं होत नाही. दरवर्षी संचमान्यता होते, त्यात शाळेला किती पदं ते ठरतं. पूर्वी हिशेब तुकडीवर होता, आरटीईनंतर तो मुलांच्या संख्येवर गेला. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, आणि २०० च्या वर गेलात की चाळिसाला एक. सहावी ते आठवीला पस्तिसाला एक. पण हे सगळं शाळेच्या किंवा गटाच्या एकूण पटावर. पहिलीत २८ आणि पाचवीत ५६ असले तरी बेरीज जुळली की काम झालं, वर्गात किती बसतात ते कुणी बघत नाही. नववी-दहावी तर या कायद्याच्या बाहेरच, कारण तो सहा ते चौदा वयासाठी आहे.

निकष २८ ऑगस्ट २०१५ ला बदलले, १५ मार्च २०२४ ला पुन्हा बदलले. त्या शेवटच्या शासन निर्णयाला राज्यभर विरोध झाला, तो मुख्यतः कमी पटाच्या शाळांच्या बाजूने, सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असली की शिक्षकच मिळत नव्हते म्हणून. गर्दीच्या शाळांचं दुखणं त्या आवाजात ऐकूच आलं नाही. संघटनांचंही थोडं असंच आहे. नोकरी जाण्याची भीती कमी पटाच्या शाळेत, म्हणून मोर्चा तिथला. जादा पटाच्या शाळेत नोकरी सुरक्षित, नुसता जीव जातो.

आता संस्थाचालकांबद्दल, कारण त्यांना या चर्चेत कुणी हात लावला नाही. अनुदानित मराठी विभागात दोन तुकड्यांत ३४-३४ मुलं आहेत. शिक्षक निवृत्त झाला, जागा भरायला मान्यता नाही. दोन्ही तुकड्या एकत्र करून ६८ करतात. रिकामी झालेली खोली कुणाला जाते? त्याच आवारातल्या इंग्रजी विभागाला, २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली काढलेल्या. तिथं फी आहे. वरच्या मजल्यावर इंग्रजीची ३८ मुलं, खाली मराठीची ६८. आणि पालकसभेत सांगायचं, 'सरकार शिक्षक देत नाही हो.' अर्धं खरं आहे ते.

खोल्यांचा आणखी एक पेच आहे. ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. लहान मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगलाच. पण जिथं एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन अधिवेशनं चालतात तिथं खोल्यांचा मेळ बसेना. शिक्षक दिला तरी त्याला बसवायचं कुठं, हा ठाण्यासारख्या शहरातला प्रश्न गावाकडच्यांना समजत नाही.


पारसिक_बोगदा
बुधवार, दुपारी १.२०

बसवायचं कुठं ते नंतर बघा, आधी आम्हाला घ्या तर खरं.

बीएस्सी, बीएड, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास, अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून बसलोय. लागलो तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ मध्ये मानधन वाढलं म्हणून निदान प्राथमिकला १६ आणि माध्यमिकला १८ हजार, नाहीतर आधी प्राथमिकला सहा हजार होते. सध्या कळव्यात एका क्लासमध्ये शिकवतो.

आणि क्लासचा बोर्ड वाचा कधी. 'एका बॅचमध्ये फक्त २५ विद्यार्थी.' ठळक अक्षरात, रँकवाल्या मुलांच्या फोटोंच्याही वर. किती मुलं असली की शिकवता येतं हे क्लासवाल्याला कळतं, पैसे मोजणाऱ्या पालकालाही कळतं. शाळेचा विषय निघाला की मात्र शिक्षकाची तळमळ आठवते. माझ्याकडे येणारी पोरं बाईंच्या शाळेसारख्याच शाळांतली आहेत. सकाळी साठांत बसतात, संध्याकाळी पंचविसांत तोच धडा परत. आई चार घरची पोळ्यांची कामं करून ती फी भरते.


नौपाड्याचा_अण्णा
बुधवार, दुपारी २.०५

क्लासेस हा सगळा बाजार आहे. आमच्या वेळी क्लासला जाणं म्हणजे ढ असल्याचं लक्षण मानत.


रेघोट्या
बुधवार, दुपारी २.०९

अण्णा, आता क्लासला न जाणं हे परवडत नसल्याचं लक्षण मानतात.


घोडबंदर_रोडवाला
बुधवार, रात्री ८.४५

पारसिक, बरोबर पकडलंत. परवा मी लिहिलं की दीडपट फी देणार नाही. मुलीच्या अबॅकसला आणि ट्यूशनला मिळून किती जातात ते बघितलं, आकडा इथं लिहीत नाही. तरीही म्हणतो, शाळा फी वाढवेल आणि तुकडी ४४ चीच ठेवेल. विश्वास नाही, हा खरा मुद्दा.


मोगरा_वर्तकनगर
बुधवार, रात्री ९.३०

विश्वास कशाला ठेवायचा, लिहून घ्यायचं. खासगी शाळेत फी वाढवायची तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव यावा लागतो. तिथंच विचारा: तुकडीची संख्या किती, मागच्या वर्षी किती होती, मंडळाच्या मर्यादेपेक्षा जास्त का? इतिवृत्तात नोंदवायला लावा. तोंडी चर्चा चहाबरोबर संपते.

मी पालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. ही समिती शोभेची नाही. तीनचतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, त्यात इयत्तावार पटाचा अंदाज आणि किती जादा शिक्षक लागतील हे लिहायचं असतं. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा कागद काढतात, साल बदलतात, सह्या घेतात. आम्ही तसं होऊ दिलं नाही. दिघ्याच्या ताई म्हणतात तसे जोडवर्गाचे दिवस मी वेगळ्या रकान्यात लिहायला लावले: तारीख, कोणते वर्ग एकत्र, किती मुलं, शिक्षक कोणत्या कामावर. मुख्याध्यापक आधी नाराज झाले, नंतर म्हणाले, बरं झालं, मला वर दाखवायला काहीतरी आहे.

मिळालं काय? करारावर एक शिक्षिका आल्या, शैक्षणिक वर्ष संपताना करार संपला, आता परत पत्रव्यवहार चालू आहे. आरटीईच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो अर्ज तयार आहे, या महिन्याच्या सभेत ठेवणार.


दिघा_दुपारपाळी
बुधवार, रात्री ९.५०

मोगराताई, तो रकान्यांचा तक्ता इथं टाकाल का? आमच्या समितीतल्या पालकांना लिहिता-वाचता कमी येतं, पण एक ताई फार खमक्या आहेत. त्यांच्या हातात देते. मी दिला म्हणून सांगू नका.


मोगरा_वर्तकनगर
बुधवार, रात्री ९.५४

व्यक्तिगत निरोपात पाठवते.


वजाबाकी
गुरुवार, सकाळी ८.१०

आतापर्यंत इथं आलेले आकडे: ५२, ५७, ५९, ६४, ४८, ४४, ४८, ५१. दोन ४८ आहेत ते वेगवेगळे, एक पालिका, एक खासगी. यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका, इथं लिहिणारे म्हणजे ज्यांना बोचतंय तेच. कुणाच्या वर्गात तीसच्या आत मुलं असतील तर त्यांनीही लिहा ना.


सातपाटी_ते_सीवूड्स
गुरुवार, सकाळी ९.००

सीवूड्स, खासगी, आयजीसीएसई, चौथी, २४ मुलं, दोन शिक्षिका. फी लिहिली तर अण्णांचा रक्तदाब वाढेल.


नौपाड्याचा_अण्णा
गुरुवार, सकाळी ९.२०

गोळी घेतली आहे. लिहा.


जुईची_आई
गुरुवार, दुपारी १२.४०

सगळं वाचलं. बाई, माझा प्रश्न छोटा आहे. मुलगा नववीत, ५८ ची तुकडी, उंच म्हणून कायम शेवटचा बाक. गणितात मागे पडतोय. क्लास परवडत नाही. सरांना भेटले, चांगले आहेत, म्हणाले लक्ष देतो. त्यांना तरी किती त्रास देणार? मी काय करू?


गणिताच्या_बाई
गुरुवार, रात्री ८.५५

'लक्ष द्या' म्हणू नका. ५८ जणांची आई हेच म्हणते आणि सर सगळ्यांना हो म्हणतात. त्यांना काहीतरी नेमकं द्या. मुलाला सांगा, आठवड्यात जे एक उदाहरण अडलं ते वेगळ्या कागदावर पूर्ण लिही, आणि जिथं पुढे जमलं नाही त्या ओळीला गोल कर. सरांना पूर्ण उदाहरण विचारायचं नाही, फक्त ती ओळ. मधल्या सुट्टीत सरांना तो कागद दाखवायचा. असा कागद कुणी आणून दिला की मला दोन मिनिटांत कळतं, वही चाळून कळत नाही. सर नाही म्हणणार नाहीत.

आणि बाक बदलायला वर्गशिक्षकांना सांगा. उंच मुलांना भिंतीकडच्या कडेला पुढे बसवता येतं, कुणाच्या आड येत नाहीत. नववीत आधी बहुपदी आणि दोन चलांची समीकरणं पक्की करून घ्या, दहावीचं बीजगणित त्यावरच उभं आहे. आठवीचे अवयव कच्चे असतील तर बालभारतीचं आठवीचं पुस्तक परत काढा, लाज वाटू देऊ नका त्याला.


जुईची_आई
गुरुवार, रात्री ९.१०

आठवीचं पुस्तक रद्दीत गेलं. बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतं का?


पारसिक_बोगदा
गुरुवार, रात्री ९.१२

मिळतं, फुकट, पीडीएफ. आणि कळव्याच्या आसपास असाल तर रविवारी सकाळी त्याला पाठवा, मी मोकळा असतो.


खारघरची_खिडकी
गुरुवार, रात्री ११.३०

उशिरा आले. खारघर, खासगी, आयसीएसई, सातवी, ३६. संख्या बरी आहे. पण जूनपासून गणिताचे सर तिसऱ्यांदा बदललेत, त्यावर कुणाकडे काही उपाय आहे का?